वाढलेल्या पायांचा पाट

कुडवा गावात रूपलालच्या घरी चहा गार होईल, पण वाद गार व्हायचा नाही. आणि वाद तरी कशाचा? दिवाण पलंगात मोजायचा की सोफ्यात! "पाहुणा बसला त सोफा, पाहुणा पसरला त पलंग," हा म्हाताऱ्याचा निकाल. नात रीना लगेच विचारायची, "अन् आबाजी, त्यावर तुमचं धोतर वाळून राहिलं त?" सून ओमेश्वरी खाली बसून पोट धरून हसायची. खालीच, कारण सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसू नये, ही माहेरची शिकवण तिनं लग्न झाल्यापासून पाळली होती.

यंदा धानाच्या रोवणीच्या चिखलात तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग काय, बाई ओट्याला टेकून उभ्यानंच जेवू लागली! पाय सुजायचा. नवरा उमेंद्र सांगून सांगून थकला, पण ऐकेल तर शपथ.

एक दिवस रूपलालनं लाकडी खुर्ची तिच्यापुढं आणून ठेवली.

"सूनबाई, पाटाले पाय असतेत का नाही?"

"असतेत, मामाजी. बुटके."

"याचे जरा वाढले. माणसाचं पोर वाढते, मंग पाटाचे पाय काऊन नाही वाढणार?"

"अन् हा मागचा टेका?" रीनानं टोकलं.

"ते भिताड. पाटावर बसून भिताडाले टेकत नाही का आपण?"

ओमेश्वरी हसता हसता रडली, आणि बसली. जन्मदात्या बापानंही आपल्यासाठी एवढं डोकं लढवलं नसतं, असं तिला वाटलं.

बसली खरी, पण जिवात धाकधूक होती ती नागरा गावच्या आत्याची. राजकुमारी, रूपलालची थोरली बहीण. जिभेला हाड नाही, आणि रीतभातीत काडीचा फरक खपायचा नाही. तिनं एक शब्द टाकला की सून पुन्हा ओट्याशी उभी राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आत्या टपकली ती ऐन जेवणाच्या वेळी! मांडीवरचं ताट सावरत ओमेश्वरी धडपडत उठू लागली.

"कशावर बसून राहिली वं?"

रूपलाल तोंड उघडणार, तोच सून बोलली, "पाटावर, आत्याबाई."

आत्यानं खुर्ची खालून वर न्याहाळली. भावाकडं पाहिलं. मग सुनेच्या सुजलेल्या पायाकडं पाहिलं.

"पाटावर बसली, त मंग उठते कायले?" आत्या कडाडली. "भरल्या ताटावरून उठू नाही, एवढंही शिकवलं नाही का तुह्या मायनं?"