राबातली पानं

कुकर उघडला आणि नव्या तांदळाचा वास माझ्या एकट्याच्या घरात पसरला.

नव्वदच्या दशकात मी मढ नावाच्या गावी मास्तर होतो. गावात कुणाशी फारशी ओळख नव्हती. शाळा सुटली की खोलीत कथा लिहायला बसायचो. पहिलंच वाक्य पटायचं नाही, की पान फाडून कोपऱ्यात टाकायचो. उन्हाळ्यात घरमालकीण सखूबाईंनी तो ढीग ओटीत भरून नेला. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन पालापाचोळ्यानं भाजतात, त्या राबात माझी पानंही जळली. पुढं एकही वाक्य जमेना, तेव्हा मी वही उघडणंच सोडलं.

दिवाळीनंतर सखूबाई सुपात नवे तांदूळ घेऊन दारात आल्या.

"गुरुजी, ह्यो तुमचा वाटा."

"माझा कसला?"

"तुमची कागदं राबात घातली व्हती न्हवं?" त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं. "आता कागदं दिसत न्हाईत. लिवायचं सोडलं व्हय?"

मी लिहितो हे त्या गावात कुणाच्या ध्यानात असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी लिहिलेलं वाक्य नेहमीइतकंच वाईट होतं, पण पान फाडलं नाही. पुढं पुष्कळ लिहिलं, छापूनही आलं.

हल्ली वही पुन्हा कोरी आहे. कोपरा रिकामा दिसतो, तो मलाच; लिहायचं सोडलं का, असं विचारणारं कुणी नाही.