राखणदाराच्या माडावरचे भुंगे

भुताखेतांचं कुणी सुरू केलं की मी उठून जाणारा माणूस आहे. डोकंच फिरतं माझं. आमच्या डिचोलीच्या युनिटमध्ये मी बुरशी वाढवतो... माणसाला काही न करणारी, पण किड्यांना मारणारी. शिजवलेल्या तांदळावर ती वाढली की भात हिरवागार होतो. तो शेणाच्या खड्ड्यात मिसळायचा. तिथे गेंडा भुंग्याच्या अळ्या असतात. बुरशी त्यांच्या अंगात शिरते, अळी ताठ होते, हिरवी पडते, संपली. यात देव नाही नि देवचार नाही. तरी पुढचं वाचा, आणि कुणाला काही सुचलं तर सांगा, कारण माझी मती कुंठित झालीय.

माझी मावशी पेडण्यात एकटीच राहते. घरामागे माडांचं भाट, म्हणजे बाग आहे. भुंग्यांनी तिथे असा उच्छाद मांडला की झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या. मी हिरव्या भाताच्या पिशव्या नेऊन दिल्या, खड्ड्यात कसा मिसळायचा ते नीट समजावून आलो. पुढच्या रविवारी बघतो तर बाईने पहिली मूठ केळीच्या पानावर घालून कडेच्या माडाखाली राखणदाराच्या, म्हणजे भाट राखणाऱ्या देवाच्या दगडापुढे ठेवलेली. तीही भर उन्हात.

"अगो मावशी, हा काय नैवेद्य आहे? उन्हात मरते ती बुरशी."

"नवी वस्त भाटात इली की पयली राखणदाराक दिवक जाय," ती म्हणाली. "तुजो राग तुजेकडे दवर."

बाकीचा भात मात्र तिने खड्ड्यातच मिसळला होता. महिन्याभरात अळ्या हिरव्या पडल्या. मी खूश. पण मोठे भुंगे? ते मरून खाली पडायला हवेत. इथे सगळे मेलेले भुंगे राखणदाराच्या त्या एकाच माडाच्या खोडाला धरून बसलेले, अंगावर हिरवी पूड, तोंडं वर. वेगळ्या एका बुरशीमुळे मुंग्या उंच चढून पानाला चावा घेतात आणि तिथेच मरतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या जिवंतपणी चढतात. मी एक भुंगा काढून मोडून बघितला. आत नुसता भुसा.

सगळ्यात खालच्या भुंग्याला टेकून मी खोडाला सुंभ बांधला. पुढच्या खेपेला तो भुंगा सुंभापासून हातभर वर होता. गाठ माझीच, जशीच्या तशी. मग काय, कामात लक्ष लागेना. पणजीची एक मीटिंग बुडवून मधल्या वारीच पेडण्याला गेलो... ते आणखी वर गेलेले. मावशीला विचारलं तर म्हणाली, "चडतत. चडूं दी."

नारळ पाडायला दत्ताराम आला. सावंतवाडीकडचा, वर्षानुवर्षं मावशीचे माड तोच पाडतो. भुंगे बघून हसला. "माझ्या आदी हेंकाच घाई?"

मला शेंड्याकडचे नमुने हवे होते. "चढ रे, मेलेले आहेत ते," मी म्हणालो.

मावशीने खोडाला पाठ लावली. "हे वयर पावल्याबगर कोणी चडूंक ना. दत्ताराम, आदी पेज जेव."

मी तिच्याशी तावातावाने भांडलो. दत्तारामला भूक लागली होती, तो पडवीत जाऊन बसला. आम्ही दोघंही त्याच्या मागे गेलो, भांडतच. त्याची वाटी अजून संपली नव्हती. वारा नव्हता, काही नव्हतं... आणि अख्खा शेंडा, नारळांच्या घडांसकट, धाडकन खाली आला.

दत्तारामच्या हातातली पेज त्याच्या मांडीवर सांडली. त्याला कळलंही नाही. मेला असता तो, माझ्या शब्दाखातर.

शेंडा का पडला ते मी सांगू शकतो. भुंग्यांनी कोंब पोखरला होता, आत पाणी शिरून सगळं कुजलं होतं. खालून दिसत नव्हतं एवढंच. पण खोडावर आता एकही भुंगा नव्हता. झावळ्या उचलून बघितल्या, गवत चाळलं. एकही नाही.

गेल्या रविवारी ते विहिरीकडच्या माडावर दिसले. हिरवे, मेलेले, तोंडं वर. हा माड ठणठणीत आहे. मी दुर्बिणीने बघितला, लांब बांबूला मोबाईल बांधून कोंबापर्यंतचे फोटो काढले, कुठे भोक नाही की डाग नाही. तोही पाडायला दत्ताराम आला. त्याचं पोट माडांवर आहे, असे माड सोडत बसला तर खाणार काय? त्याने पायांत दोर अडकवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"भाऊ, तुमी शिकलेले. सांगा, चडू काय?"

मी जेवढं शिकलोय त्याप्रमाणे उत्तर एकच होतं. माड निरोगी आहे, चढ. मावशी तर या वेळी तिथे नव्हतीही, तिस्कावरच्या बाजारात मासळी आणायला गेली होती. पण मी खाली बसलो आणि त्याच्या पायांतला दोर माझ्या हातांनी सोडला. का सोडला, ते मला अजून सांगता येत नाही.