आधी माणसं बाहेर काढ

ते घर मी बांधलं आणि मीच पाडलं. प्लायवूड आणि पुठ्ठ्याचं, जेमतेम माझ्या छातीइतकं उंच. तरी अजून वर्गात फळ्यावर घर काढताना खडू खिडकीपाशी अडतो. पोरं म्हणतात, "सर, खिडकी राहिली." मी डस्टर घेऊन सगळंच पुसून टाकतो.

मी चित्रकलेचा मास्तर. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीतल्या गणेश मंडळाची आरास माझ्याकडे असते, तरुणपणापासून. आराशीतलं जे काही हलतं, फिरतं, पेटतं, ते माझा दोस्त करायचा. त्याचं मोटारींत तांब्याची तार भरायचं दुकान आहे. केळी-पपईवाल्यांच्या विहिरीतल्या जळक्या मोटारी त्याच्याकडे येतात. घरी तो उर्दू बोलतो, माझ्याशी अहिराणी. नमाज चुकवत नाही, आणि आराशीचं बटणही त्यानं कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. मंडळात त्याची तेवढी एक जागा होती, पडद्यामागची, बटणापाशी. ती जागा माझ्यामुळे गेली. हे मी आजवर कुठं बोललो नाही.

त्या वर्षी मंडळातल्या पोरांना लढाई हवी होती. इस्रायल आणि गाझाची. सुरुवातीला टीव्हीवर जे पाहिलं, इस्रायलमध्ये घरात घुसून मारलेली माणसं, ओढून नेलेल्या बाया, म्हाताऱ्या, लेकरं, त्यानं मीही हादरलो होतो. मग गाझातल्या इमारती कोसळताना दिसायला लागल्या आणि आमच्या चहाच्या टपरीवर त्या क्रिकेटसारख्या पाहिल्या जाऊ लागल्या. "आनखी एक गई!" कुणीतरी ओरडायचं. मी चहा पीत असायचो. उठून गेलो नाही कधी.

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "सर, तीन मजली बिल्डिंग. धडाम! आन परत उभी. ब्राह्मणपुरी गावना लोके ट्रॅक्टर भरी भरी येतीन."

मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगतो. त्यानं 'परत उभी' म्हटलं आणि माझ्या डोक्यात पुली फिरायला लागली. दोरीवर टांगलेले तीन मजले, दोरी सुटली की एकावर एक, मग धूर, मग पडद्याआड पुन्हा वर. मोबाइलवर गाझातल्या एका खऱ्या घराचा फोटो मिळाला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत होते. बायकोच्या शिवणातल्या चिंध्यांचे मी तसेच इवले कपडे केले. खिडक्यांतून तारेची, कापडाची माणसं बसवली. एक म्हातारी, एक चहाचा ग्लास घेतलेला माणूस, दोन पोरं. माणसांशिवाय ते घर वाटत नव्हतं.

दोस्त वायरिंग करायला आला. म्हातारीला चिमटीत धरून त्यानं बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ह्या मरतीन का?"

"आरास शे रे."

"आरास शे, म्हणीसन इचारी ऱ्हायनू. खरं ऱ्हातं ते कोनले इचारतू?"

मी हसलो. तो हसला नाही.

"मी चेन बसाडस. आधी माणसे भाईर काढू. मंग पाड तुन्हं घर."

"पोरं ऐकणार नाहीत."

"पोरेसले तू सांग. ती डोकरी, जिले उचली लई गयात, ती बी घरमाच व्हती ना? दोन्हीकडे घरमा माणसेच शेतस. लढनारा लढोत. आधी माणसे भाईर काढ."

सायकलची जुनी चेन आणि एक छोटी मोटार जोडून त्यानं ते केलं. बटण दाबलं की भोंगा वाजायचा, दार उघडायचं आणि एकेक माणूस हळूहळू बाहेर येऊन कडेच्या पांढऱ्या तंबूत जायचं. मगच दुसरं बटण. तालमीत म्हातारी उंबऱ्यातच अडकली. तो म्हणाला, "डोकरीले संधिवात शे, वायीक तेल टाक." आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

पहिल्या संध्याकाळी माणसं बाहेर यायला लागली तशी गर्दी चुळबुळली. "आरे, वरात शे का?" मागून आवाज आला. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, ते चालनं-फिरनं काढी टाका. लोके धडाम देखाले येतस."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोस्त दुकानात असताना मी चेन काढली. माणसं खिडक्यांत परत नेली आणि डिंकानं चिकटवली. हलू नये म्हणून म्हातारीला दोनदा डिंक लावला.

संध्याकाळी तो आला, घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बटणापाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर रोज तो बटण दाबताना मान दुसरीकडे वळवायचा. ते फक्त मला दिसायचं. बाहेर टाळ्या पडायच्या, आणि खोटं कशाला सांगू, त्या मला गोड लागायच्या.

मग ती संध्याकाळ. दुपारी त्यानं मला मोबाइलवर ढिगाऱ्याचा व्हिडिओ दाखवला होता. लोक हातानं दगड उपसत होते आणि मध्येच थांबून आत हाका मारत, कान लावत होते. "नाव लई लई बलाई ऱ्हायनात," एवढंच तो म्हणाला होता.

खेळ सुरू झाला. विमानाचा आवाज झाला, भोंगा झाला, घर पडलंच नाही. तो हात खाली सोडून उभा होता. गर्दीतून शिट्ट्या आल्या. अध्यक्ष पडद्यातून डोकं घालून म्हणाला, "काय भाई, आज बटन तुन्ही पार्टीमा गयं का?" मागची पोरं खदखदली.

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. 'राहू दे आज' एवढंच. मी पुढं झालो आणि बटण दाबलं.

त्याला वाचवायला दाबलं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

त्यानं हात फडक्याला पुसले, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा उचलला आणि मागच्या बाजूनं निघून गेला. पुढच्या वर्षी बोलवायला गेलो तर म्हणाला, "मोटारी भरपूर शेतस, सर." मला तो कधीच सर म्हणत नसे.

तेव्हापासून तिकडची बातमी लागली की मी माणसं पाहत नाही, गॅलऱ्या पाहतो. युद्ध थांबलं म्हणतात, पुन्हा सुरू झालं म्हणतात, बोलणी चालली आहेत म्हणतात. फोटोतल्या त्या घरातली माणसं बाहेर पडली का, मला कळायला मार्ग नाही. माझ्या घरातली एकदा बाहेर पडली होती. मी त्यांना परत आत नेलं.

यंदा आराशीची बैठक ठरली त्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. उभ्या उभ्याच म्हणालो, "तुले वाचाडाले नही दाबं मी बटन. भ्यायनू. आन मले टाळ्या पायजे व्हत्यात."

"माहीत शे. मी तठेच व्हतू ना." त्यानं मान वर केली नाही. "मले कसाले सांगस? ज्यासनी टाळ्या वाजाड्यात, त्यासले सांग."

बैठकीत सांगितलं. घरात माणसं असताना ते पाडायची आरास मी पुन्हा करणार नाही, कुणाचंही घर असो, असं म्हणालो. दोस्ताला त्या दिवशी जे बोलले ते मी ऐकून घेतलं, तेही बोललो. कुणीतरी खाली बघून मोबाइल चाळत होतं.

अध्यक्ष हसला. "सर, आते तुम्ही बी त्या पार्टीमा का?"

"मला पार्टी नाही."

"मंग आरास कोन करी?"

"तुम्ही करा."

बाहेर आलो आणि पाय दुकानाकडे वळले. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"तुले काढं का मंडळमाईन?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"काढतीन," तो म्हणाला आणि मोटारीत तांब्याची तार भरत राहिला. मी दारातल्या पालथ्या खोक्यावर बसलो. बाजूला त्याच्या मोबाइलवर तिकडच्या बातम्या चालू होत्या. बोलणी पुन्हा अडली होती, दोन्हीकडची माणसं वाट बघत होती. त्यानं आवाज कमी केला नाही. मीही उठलो नाही.