दारावरची कागदी पाटी

माझे वडील स्वतःला फार विनोदी समजत. आकाशकंदील मात्र ते गंभीरपणे करत. कामट्या, खळ, पतंगी कागद, आणि कलकत्त्यात असा कंदील दुसऱ्या कुणी करून दाखवावा ही ऐट. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी झिरमिळ्या कापता कापता त्यांनी उरलेल्या लाल कागदाची एक पाटी कापली, कडेनं नक्षी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

‘‘घ्या डॉक्टरीणबाई, तुमची दारावरची पाटी.’’

सगळे हसले. मी हसले नाही. डॉक्टर व्हायचंय, असं मी घरात कधीची सांगत होते. पाटी भूगोलाच्या पुस्तकात नीट ठेवून दिली.

माझी एक वर्गमैत्रीण चिनी होती. एस्प्लनेडजवळ तिच्या वडिलांचं जोड्यांचं दुकान होतं आणि वरच घर. त्यांच्या नववर्षाला मी गेले, तेव्हा तिची आई खिडक्यांना लावायला लाल कागद कापत होती. न आखता, कात्री एका जागी धरून नुसता कागद फिरवत. हे तुमच्यात आलं कुठून, असं मी विचारलं.

कागद जन्मायच्याही आधी, ती बाजारी हिंदीत सांगू लागली, एक राजा होता, वयानं पोरच. बागेत धाकट्या भावाशी खेळताना त्यानं एक मोठं पान कापून त्याची सनद केली आणि म्हणाला, घे, तुला अमुक मुलूख दिला. पुढे प्रधान विचारायला आला, धाकट्या महाराजांचा अभिषेक कधी करायचा? राजा म्हणाला, अहो, ती थट्टा होती.

‘‘प्रधान बोला, राजा लोग मजाक नहीं करता.’’

भावाला मुलूख मिळाला, आणि तेव्हापासून आम्ही कापतो, असं म्हणून तिनं कागद उलगडला. खरं-खोटं तिलाही ठाऊक नसावं. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. घरी बेहाल्याला ट्राम पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की मुलूख मिळाला.

उन्हाळ्यात निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, आणि पाठोपाठ नागपूरचं स्थळ आलं. वडील खुशीत होते. मी पाटी त्यांच्यापुढे धरली, राजाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, मला सायन्सला नाव घालायचंय.

‘‘अगं, तो राजा. मी ऑफिसातला हेडक्लार्क,’’ असं म्हणून त्यांनी हसत पेपरात डोकं घातलं. माझा असा संताप झाला की रडूही येईना.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती हात पुसत आली, पाटी माझ्याकडून घेतली आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी चिमूटभर अक्षतांवर ठेवली.

‘‘उद्या पूजा हेच करतील,’’ ती मला हळूच म्हणाली. ‘‘टाकायची तर देवासमोरून उचलून टाकू देत.’’

सकाळी मी देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काही झालं तरी हलायचं नाही, असं ठरवूनच. वडील सोवळं नेसून पाटावर बसले. त्यांनी कालची फुलं काढून निर्माल्याच्या तबकात टाकली, मग बेल, मग तुळस. मग हात पाटीवर आला आणि तिथेच थांबला. मला फार भीती वाटली. त्यांनी पाटी उचलली, खालची जागा पुसली, ताज्या अक्षता घातल्या आणि ती होती तिथंच परत ठेवली.

पूजा संपली तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

‘‘नागपूरला मी कळवतो,’’ ते म्हणाले. ‘‘तुझं कॉलेज उघडतं कधी?’’