आमचं बियाणं खाल्लं

वॉचमननं माझ्या बापाची मान मागून धरली आणि त्याचं कपाळ काउंटरच्या काचेवर आपटलं.

काच फुटली नाही. कपाळ फुटलं. डाव्या भुवईच्या वर. रक्त नाकावरून ओघळून हातातल्या पासबुकावर पडलं. रांगेतली माणसं अर्धं पाऊल मागं सरली, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. काचेच्या आतल्या माणसानं आधी काच पाहिली.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पण झालं तसं लिहिते.

आम्ही रानशेतकडच्या एका पाड्यातले. बाबा थोडं भात लावतो आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. आमच्याकडे भात झोडपलं की सगळ्यात आधी बियाणं बाजूला निघतं. ते कणगीत भरायचं आणि कणगीचं तोंड शेणानं लिंपायचं. वैशाखात घरात दाणा नसला, कंद उकडून खायची वेळ आली, तरी ती कणगी फोडायची नाही. लहानपणी एकदा भुकेनं मी त्या लिंपणाला बोट लावलं होतं. आईनं चिंचेच्या फोकानं हात सुजवला होता.

२०१४ ला मी तलासरीच्या आश्रमशाळेतून दहावी झाले. शिष्यवृत्तीला खातं लागतं म्हणून डहाणूतल्या एका बँकेत बाबाचं आणि माझं मिळून खातं उघडलं. बाहेर बसलेल्या माणसानं पन्नास रुपये घेऊन फॉर्म भरला. आमच्याकडे फोन नव्हता. मोबाईल नंबरच्या जागी त्यानं स्वतःचाच टाकला. बाबानं भट्टीवरचे तीन हजार त्यात ठेवले. मला म्हणाला, हे तुझ्या कॉलेजचं बियाणं, याला हात लावायचा नाही.

आम्ही तीन वर्षं हात लावला नाही. पासबुक पिशवीत गुंडाळून कणगीच्या वरच कुडाच्या भिंतीत खोचलेलं असायचं. हीच आमची चूक. आम्हाला वाटायचं, हात लावला नाही तर ते कमी होत नाही.

त्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. फी नऊशे. सकाळच्या टमटमनं बाबा आणि मी डहाणूला आलो. काउंटरवरच्या साहेबानं पासबुक मशीनमध्ये घातलं. ते बराच वेळ करकरत राहिलं. मला वाटलं, खूप पैसे असतील म्हणून इतका वेळ लागतो.

खात्यात शंभर रुपये होते.

साहेब म्हणाला, कमीत कमी ठेवायची रक्कम तीन हजारांहून जास्त आहे, ती तुम्ही ठेवली नाही, दर तिमाहीला दंड बसत गेला. तीन हजार संपले. मग खातं उणे झालं. आता शिष्यवृत्ती जमा झाली, त्यातून राहिलेला दंड वळता झाला.

बाबानं विचारलं, "कसला दंड?"

"पैसे कमी असल्याचा."

बाबाला ते कळायला वेळ लागला. त्यानं कधी कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं. भट्टीचा मुकादम पावसाळ्यात उचल द्यायला दारात यायचा, तीही तो घ्यायचा नाही. आणि हा माणूस त्याला सांगत होता की तू आमचं देणं लागत होतास.

"माजं बियाणं कोणी खाल्लं?" बाबा म्हणाला.

साहेब हसला. "अहो काका, ही बँक आहे. इथं भात नाही पेरत."

रांग हसली. मागून चिकूवाडीवाले एक शेठ आले होते. त्यांना रांग नव्हती. आतून त्यांना खुर्ची आली, चहा आला. ते वॉचमनला म्हणाले, "एने बहार काढो ने. टाइम जाय छे."

बाबानं काउंटरची कड धरून ठेवली होती. त्यानं तेच तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मानेवर हात पडला.

मी वॉचमनच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागेपर्यंत. त्यानं माझी वेणी धरून मला फरशीवर ओढलं, कमरेत लाथ घातली. मी सोडलं नाही. तोंडात रक्त आलं. त्याचं की माझं, कळलं नाही. तोही कुठल्यातरी पाड्यातलाच. माझ्या मामासारखा दिसणारा. त्याला सांगणारे खुर्चीत बसून चहा पीत होते. पण त्या क्षणी मी त्याचं मनगट तोडलं असतं, हे मी लपवणार नाही.

मग मॅनेजरनं आम्हाला केबिनमध्ये घेतलं. बसायला सांगितलं नाही. पोलीस बोलावू की मिटवू, म्हणाला. एक कागद टाईप करून आणवला आणि बाबापुढे शाईचा पॅड सरकवला.

"अंगठा लाव. हजार रुपये खात्यात परत घालतो. पोरीची फी भर."

बाबानं अंगठा शाईत दाबला. मी कागद उलटा फिरवून वाचला. मी दारू पिऊन बँकेत आलो, कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन केले, तोल जाऊन पडलो, माफी मागतो. असं होतं.

बाबा सकाळी कोरा चहा पिऊन निघाला होता.

मी त्याचा अंगठा धरला. तो हळू म्हणाला, "लावू दे, पोरी. तुझा वरीस जाईल."

"जाऊ दे."

तोपर्यंत मी कुठल्या साहेबासमोर मान वर केली नव्हती. वर्गात हजेरी देतानाही मला घाम फुटायचा. मी माझ्या ओढणीनं त्याच्या अंगठ्याची शाई पुसली. मग कपाळाचं रक्त. मग कागदाची घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली.

मॅनेजर उठला. "तो कागद इकडे दे."

"नाही."

बाहेर रस्त्यावर बाबानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, तुझ्यासाठी लावत होतो. मी म्हटलं, माझ्यासाठीच लावायचा नाही. टमटममध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

परीक्षा गेली. वर्ष गेलं. त्या वर्षात मी वाचलं. नुसती शिल्लक कमी म्हणून खातं उणे करता येत नाही. दंडाच्या आधी ग्राहकाला कळवावं लागतं. हे लिहिलेलं आहे. ते आमच्यापर्यंत येऊ दिलेलं नाही. मी बँकेकडे पैसे परत मागणारा अर्ज केला. उत्तर नाही. पुन्हा केला. नाही.

आता दर रविवारी पाड्यात कुडांमधून पासबुकं बाहेर निघतात. मी वाचते. बहुतेकांत तीच उणेची रेघ. सगळ्यांनी बियाण्यासारखे ठेवलेले पैसे.

बाबाच्या भुवईवर व्रण राहिलाय. तो कागद माझ्याकडे आहे, अंगठा नसलेला. पासबुकही आहे, डागासकट. येत्या सोमवारी आम्ही सगळे त्याच काउंटरवर जाणार आहोत. अर्ज माझ्या हातचे आहेत. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय एकही माणूस हलणार नाही. न वाचलेल्या कागदावर यापुढे आमचा अंगठा पडणार नाही.

आणि पुन्हा कुणाच्या मानेवर हात पडला, तर माझे दात शाबूत आहेत.