लॅपटॉप उघडा असला की चालणारी लिफ्ट

आमच्या वहिनीचं माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त पटतं, असं मी तिच्या तोंडावर म्हणते. नणंद आहे मी तिची, तेवढी मुभा मला आहे. त्यावर ती म्हणते, "यंत्रं निदान मागच्या वेळचं उकरून काढत नाहीत, ताई."

लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात ती नोकरीला आहे. बोर्डावर जो इवलासा संगणक असतो, त्याचे प्रोग्रॅम ती लिहिते. लग्नाच्या वाढदिवसाला दादाने काय हवं म्हणून विचारलं, तर बाईंनी विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मागितला. दादाने तो आणलाही. आता तो टीव्हीशेजारी असतो आणि पाहुणे त्याला महागडा रेडिओ समजतात.

आमच्या इमारतीची लिफ्ट म्हातारी झाली, तेव्हा सगळ्यांच्या मागे लागून वहिनीने आपल्याच कारखान्याचा बोर्ड बसवून घेतला. थोडे दिवस सगळे खूश होते. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबू लागली; मेन स्विच बंद करून पुन्हा लावला की मगच हलायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? सेक्रेटरी मात्र बोलले. महिनाअखेर दुरुस्त झाली नाही, तर लिफ्ट बंद करून काम दुसऱ्या कंपनीला, आणि त्यात सहा महिने तरी जाणार. मी त्यांच्याशी भांडून आले, पण ते बधले नाहीत.

आई राहते पाचव्या मजल्यावर, दादा-वहिनीकडे. तिच्या गुडघ्यांना जिना अजिबात झेपत नाही. लिफ्ट बंद म्हणजे आई घरात कोंडलेली. अडकायच्या धास्तीने तिने आताच खाली जाणं सोडलं होतं. संध्याकाळी खिडकीतून मैत्रिणींना हात करायची. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, रोज वर जाते. मला ते बघवत नसे.

वहिनी लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसली. बटणांच्या पट्टीमागच्या बोर्डाला वायर लावून लॅपटॉप जोडला. पडद्यावर एक चौकट होती. बोर्डाच्या मेमरीतले पत्ते आणि प्रत्येक पत्त्यावर काय ठेवलंय ते आकडे तिच्यात सारखे बदलत होते. आणि लिफ्ट? पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्यासारखी, एकदाही थांबली नाही. लॅपटॉप काढून नेला की पुन्हा तिचे नखरे सुरू.

वहिनीने मोटार तपासली, वायरी बदलल्या, वायरमनला फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "लॅपटॉपच कायमचा ठेवा की आत." ते गंमत करत होते असं वाटत नाही.

एका रविवारी आई म्हणाली, "तू आहेस तोवर लिफ्ट चालते ना? मग मीही बसते. तेवढाच माझा फेरफटका." मी तिच्यासाठी खुर्ची आणली आणि स्वतःही आत शिरले. दोन-तीन फेऱ्यांत आई कंटाळली.

"अगं, यात आपले फोटो आहेत ना? दाखव की."

वहिनीने आकड्यांची चौकट बंद करून फोटो उघडले. तिसऱ्या मजल्याच्या जरा वर लिफ्ट थांबली. मी घाबरले, उगाच खोटं कशाला बोलू.

"वायर तर लावलेलीच आहे," वहिनी पुटपुटली. मग माझ्याकडे वळली. "ताई, मी आत्ता काय केलं?"

"फोटो उघडलेस."

"त्याच्या आधी?"

"ते आकडे बंद केलेस."

तिने चौकट पुन्हा उघडली. लिफ्ट हलली आणि निमूट वर निघाली.

झालं होतं असं. वरच्या मोटारीच्या खोलीतून या बोर्डाला सारखे निरोप येतात. ते दाटीने आले की एखादा हुकतो आणि मेमरीतल्या एका पत्त्यावर तशी खूण पडते. ती खूण पुसली जाईपर्यंत बोर्ड पुढचा निरोप घेतच नाही. गंमत अशी, की तो पत्ता नुसता वाचला तरी खूण पुसली जाते. हे वाचायचं काम प्रोग्रॅमचं, आणि नेमकी तीच ओळ लिहायला वहिनी विसरली होती. लॅपटॉपवरची चौकट मात्र तो पत्ता सारखा वाचत होती. दोष शोधायला बसवलेली चौकटच दोष झाकत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वहिनीने तिथेच बसून ती ओळ लिहिली, नवा प्रोग्रॅम बोर्डात भरला, लॅपटॉप काढला आणि म्हणाली, "चला आई, आपण खाली जाऊन बघू."

"तू नको," आई म्हणाली. "तू असलीस की ती नीटच चालते. मी एकटी जाते."

आम्ही दोघी पाचव्या मजल्यावर बाहेर पडलो आणि दार लागलं. दारावरचा मजल्याचा आकडा उतरत उतरत तळाला पोचला. नंतर लिफ्ट बाकीच्यांना घेऊन वर-खाली करत राहिली, पण आई काही आली नाही. तिचा फोन घरातच होता. अर्ध्या तासाने वहिनीला राहवेना. स्वतः दुरुस्त केलेली लिफ्ट सोडून ती जिन्याने धावत सुटली आणि तिच्यामागे मी.

आई मैत्रिणींच्या घोळक्यात बाकावर बसली होती.

"आई, पुन्हा थांबली का?" वहिनीला धाप लागली होती.

"छे, मस्त चालते."

"मग वर का नाही आलात?"

"आत्ता तर आले गं खाली," आई म्हणाली, आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली.