पहिला आंगठा

मले भराभर बोलाची सवय आहे, अन् टाइप कराची त्याहून भराभर. आई म्हणते, या पोट्टीचं तोंड अन् हात एकाच मोटरवर चालतात. आताही बोटं पुढं पळून राह्यली, मी त्यायले मांगं ओढून राह्यली. कारण ही गोष्ट घाईचीच आहे. म्हणजे माह्या घाईनं जे झालं त्याची.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातलं, रामपायलीच्या बाजूचं, लहानसं. रस्त्याले लागून एक टोला, म्हणजे वस्ती. किराणा, चक्की, शाळा, अन् बस थांबते ते बोराचं झाड. अन् मांगं, तलावाच्या मातीच्या पाळीखाली, दुसरा टोला. असल जुनं गाव ते. आमच्या लोकायचे बुढे कधीतरी भंडाऱ्याकडून धान लावाले आले अन् इथंच राह्यले. म्हणून घरात मराठी, बजारात हिंदी, अन् भांडण लागलं का दोन्ही संगं.

शाळेत असताना मी गुरुजीले विचारलं होतं, आपल्या गावाचा इतिहास कुठी लिहून आहे? गुरुजी हासले. "इतिहास हट्ट्याच्या त्या जुन्या पायऱ्यायच्या बावडीचा असते बाई. आपल्या गावाचा कायचा?"

पण पाणकर आजाले विचारलं का निघे.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी सोडणारा. तलावात पाळीच्या आतून दगडाचं तुडूम आहे. त्याले वरून खाली भोकं, अन् भोकात लाकडाचे गट्टे ठोकलेले. पाणकर पाण्यात उतरे, लोखंडाच्या सळईनं एक गट्टा काढे, अन् तेवढं पाणी खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, जाये. पहिले कोणाच्या धानाले, मंग कोणाच्या, हे तोच सांगे. त्याच्यावर कोणी बोलत नव्हतं. आजा माहा सख्खा आजा नव्हता. पण माहा आजा मी पाहिलाच नाही, अन् मी चालाले शिकली ते याची सळई धरून, असं आई सांगते.

आजा सांगे का तलाव बांधला तेव्हा पाळ पहिल्याच बरसातीत फुटाले आली. तुडुमाच्या बाजूनं भोक पडलं. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, पाळीवर उभा राहून बोंबलून राह्यला, लोक पळून राह्यले. आजाच्या आज्याचा बाप धानाच्या तणसाचा भारा घेऊन पाण्यात उतरला अन् भोकाले पाठ लावून बसला. लोकायनं वरून माती टाकली. पाळ राह्यली. तो वर आला नाही.

"मंग?" मी दरवेळी विचारो, जशी काही पहिल्यांदाच ऐकून राह्यली.

"मंग काय. मालगुजारानं सगळ्या गावासमोर सांगितलं का या गावाचा कोनताबी कागद होईन, त्याच्यावर पयला आंगठा या घरचा. माहा दुसरा."

मालगुजारी गेली, पंचायत आली, पण आंगठा राह्यला. अन् आमच्या गावात सरपंचासाठी कधी मताचे ठप्पे पडत नव्हते. इलेक्शन लागलं का लोक पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसत, दिवसभर भांडत, चहा पीत, अन् शेवटी एक माणूस ठरे. मंग राजीचा कागद होये: आम्ही सारी घरं राजी आहो. दर घराचा एक आंगठा नाहीतर सही. कागद झाल्याशिवाय इलेक्शनचा फारम भराचा नाही, अन् पाणकराचा आंगठा लागल्याशिवाय दुसऱ्यानं हात लावाचा नाही. आजाले वाचता येत नव्हतं, पण कागद समोर आला का तो बरोबर वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवे.

त्या वर्षी गावानं माह्या बाबाचं नाव काढलं.

मी तेव्हा एकोणीसची. बालाघाटले मामाकडं राहून टायपिंग शिकून राह्यली होती. आमच्या गावची पहिलीच पोट्टी. सर म्हणत, "ही मशीन फोडणार एक दिवस." बाबा खूश, आजा त्याहून खूश. येणाऱ्याजाणाऱ्याले सांगे, "आमच्या बाईच्या बोटात छापखाना हाय." तर बाबा म्हणाले, या बारीले राजीचा कागद छापलेलाच पाहिजे. त्यायनं मले मांगच्या इलेक्शनचा कागद देल्ला, वाळवीतून वाचलेला तेवढाच एक, जाड, पिवळा पडलेला, हातानं लिहिलेला. म्हणाले, "हे पाहून छाप."

मी पाह्यलं. नावं कशीही लिहिलेली. ना घराचा नंबर, ना टोल्याचा हिशोब. एक नाव पाळीखालचं, दुसरं रस्त्यावरचं, तिसरं अजून तिसरीकडं. मले वाटलं, कोण्या अडाण्यानं जसं सुचलं तसं लिहून टाकलं. मामाच्या ओळखीनं मतदार यादी मिळाली, तिच्यात घराच्या नंबरानं सारं कसं ओळीत! मी तीच लावली. तीन कार्बन टाकले अन् एका बैठकीत तीन पानं छापली, एकही खाडाखोड नाही. सरायनं पाठ थोपटली. अन् तो जुना कागद जाड होता ना, तो मी रोलरवर मांगून आधाराले लावला होता. अक्षरं ठोकून ठोकून त्याची चाळणी झाली. काढताना फाटला. मी त्याचा बोळा केला अन् टोपलीत टाकला. नवा झाला होता ना आता.

मोहाखाली सारे जमले. बाबा पांढऱ्या सदऱ्यात. शाईचं पॅड मीच धरून उभी. सर्वायनं कागद हातात घेऊन पाह्यला. "वा! एकदम कोर्टाचा कागद वाटते!" माह्या कानापर्यंत हसू.

आजा समोर आला. आंगठा पॅडवर टेकवला, अन् सवयीनं वरच्या कोपऱ्याकडं नेला.

"तिथं नाही आजा," मी म्हटलं. त्याचा हात धरला, पानं पलटवली, तिसरं पान काढलं, अन् खाली, अगदी खाली, बोट ठेवलं. "हे पाहा, हे तुमचं."

आजा पाहून राह्यला.

रस्त्याच्या टोल्यातून कोणीतरी बोललं, "आजा, बसमधी मांगून चढले वाटते!"

सारे हासले. मीही हासली. हे मले लिहावं लागन म्हणूनच इतके दिवस मी ही गोष्ट टाइप करत नव्हती.

"असं कोन लावलं बाई?"

"मीच. घराच्या नंबरानं. सरकारी यादीत असंच आहे आजा."

"हौ." त्यानं आंगठा धोतराले पुसला. "सरकार रस्त्यानं येते. त्याले माहं घर मांगंच दिसन. गाव पाळीकडून आलं होतं, बाई."

मले तेव्हाही नाही समजलं. मी म्हटलं, "काही फरक नाही पडत आजा, नाव तर आहेच ना."

आजानं बाबाकडं पाह्यलं. बाबायनं हात उचलला होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, काही बोलाले. पण चक्कीवाला बाजूलेच बसला होता, रस्त्याच्या टोल्याचं सारं त्याच्या हातात, अन् त्याचं घर नंबर एक. हात खाली गेला.

"तो फिर मैं ही शुरू कर देता हूँ," चक्कीवाला म्हणाला. "शाम तक बैठना है क्या?" अन् त्यानं खिशातला पेन काढून पहिली सही केली.

  आजानं सळई उचलली अन् पाळ उतराले लागला. मंग खालच्या टोल्यातला एक उठला, मंग दुसरा. सतरंजीची अर्धी बाजू रिकामी झाली. माह्या हातात शाईचं पॅड तसंच.

संध्याकाळी बाबा गेले त्याच्या घरी. मी दारातच उभी होती. बाबा म्हणाले, "पोरीची गलती झाली, दुसरा कागद छापतो."

"पोरीची नाही झाली," आजा म्हणाला. "तिनं यादी पाह्यली. तू मले पाह्यलं, अन् खाली पाह्यलं."

कागद अर्धाच राह्यला तरी बाबाचा फारम भरला, अन् त्यायच्या विरोधात दुसऱ्या फारमावर आजाच्या पुतण्याचं नाव लागलं. गावात पहिल्यांदा भिंती रंगल्या, पहिल्यांदा सरपंचासाठी शाळेत मताची पेटी आली. आजा लाइनीत उभा होता, मी पाह्यला. मी जवळ गेली तर त्यानं बोटाची शाई दाखवली, "आता सगळ्यायचा सारखाच, बाई." रागात नव्हता बोलत, खरंच सांगून राह्यला होता. मले अजून नाही समजत त्याच्यात त्याले वाईट वाटलं होतं का नाही.

बाबा जिंकले. हारतुरे झाले. घरी आले अन् बिना जेवल्याचे झोपले.

पोळ्याले दोन तोरणं लागली, एक रस्त्यावर, एक पाळीखाली. बैलायले काय माहीत, आमचा लाल्या सवयीनं पाळीकडं ओढून राह्यला होता. अन् त्याच्या आधी, धानाच्या रोवण्याच्या तोंडावर, आजा आमच्या दारी आला. बाबाले तो लहानपणापासून "बाबू" म्हणे. त्या दिवशी म्हणाला, "सरपंच साहेब, हे ठेवा." अन् सळई भिंतीले टेकवली.

"आजा, काहून असं करता?" आई रडाले लागली.

"पानी सांगाले मानूस लागते माय, ज्याचं सारे ऐकतीन. आता अर्धे ऐकतीन. अर्ध्यायचं पानी मी कसं सोडू?"

त्याच्यानंतर पाण्याचं काय झालं ते विचारू नका. रस्त्यावाल्यायनं दोन गट्टे एकदम काढले, खालच्या बांध्या बुडाल्या, धानाचे कवळे परे सडले. खालच्यायनं गट्टे असे ठोकले का ते कोणालेच निघत नव्हते. सळई आमच्याच भिंतीले. जंग चढून राह्यला तिच्यावर. बाबा येता जाता तिच्याकडं पाहात नसत.

थंडीत आई म्हणाली, आजा आता उठत नाही. मी बालाघाटहून आली तर सरळ त्याच्याकडंच गेली. वहीपेन्सिल घेऊन गेली. मी सारं ठरवून ठेवलं होतं: आजाचं नाव सर्वायच्या वर, नवा कागद, मी दारोदार फिरणार, सर्वायचे आंगठे घेणार.

आजानं ऐकून घेतलं. खाटेवर बारीकसा दिसून राह्यला होता.

"माहं नाव वर, अन् खाली?"

"खाली बाकीचे."

"बाकीचे कसे?"

मी वहीचं पान पलटवलं.

"तो जुना कागद पाह्यला होता ना तू?"

"हौ."

"त्याच्यात कोनाच्या मांगं कोन होतं?"

मंग त्यानं सांगाले सुरुवात केली. पहिलं त्याचं घर, कारण पाळ. दुसरं मालगुजाराचं. तिसरं आमचं, कारण मालगुजारानं भंडाऱ्याकडून बैलगाड्या बोलावल्या त्यातली पहिली आमची. मले हे माहीतच नव्हतं! चौथं लोहाराचं, ती सळई त्यानंच घडवली. पाचवं एका विधवा बाईचं, हैजा आला, पटकीची साथ, तेव्हा साऱ्या गावचे मुडदे उचलाले घरायघरायतून माणसं तिनं काढली, म्हणून तिच्या वंशाचं पाचवं. एकेक घर, एकेक गोष्ट. माही पेन्सिल पळून राह्यली.  गुरुजी म्हणत इतिहास कायचा. तो पिवळ्या कागदावर पुरा लिहून होता, वरून खाली, अन् मी त्याले रोलरमधी घालून ठोकलं.

"आजा, तो कागद..." मी सांगून टाकलं. बोळ्याचं, टोपलीचं, सारं.

त्यानं माही वही जवळ ओढली. मंग म्हणाला, "लिही. अकरावं, कुंभाराचं." ते कसे आले तेही सांगितलं. मंग खोकला आला.

"उद्या ये बाई. बाकीचे उद्या."

उद्या माही बालाघाटले स्पीडची परीक्षा होती. मी म्हटलं, "आजा, चार दिवसानं येते. परीक्षा झाली का सरळ इथंच."

"हौ. जा. छापखाना चालू ठेव."

परीक्षेत मी पहिली आली. पाचव्या दिवशी बसमधून उतरली तर बोराच्या झाडाखाली गावचा कोतवाल उभा होता. त्यानंच सांगितलं. दोन दिवस झाले होते. खांद्याले दोन्ही टोले आले होते म्हणे, पण आपापल्या बाजूनं चालले. बाबायनं सळई चितेपर्यंत नेली अन् परत आणली.

आजाचा पोरगा मलाजखंडले खाणीत आहे. त्याले विचारलं, त्याले दोन-चारच घरं माहीत. मंग मी वही घेऊन गावात फिरली. पहिले खालचा टोला, मंग रस्त्याचा. दर घरी आजाच्या गोष्टी काढल्या, दर घरी चहा झाला, दर घरी सारे आजाले चांगलंच म्हणाले. अन् मी विचारलं का अकराच्या मांगं बारावं घर कोणाचं होतं, तर जिथं गेली तिथं एकच जवाब मिळाला.

"बारावं? बारावं आमचंच."

अकरा नावं छापून कागद माह्या जुन्या टायपिंगच्या मशीनवर तसाच आहे. मी त्याले काढत नाही.